चेतकची साइडकार, फोर्डची मोटार आणि लांबच्या प्रवासाची तयारी



आजची पोस्ट जरा मोठी आहे. शनिवारी पोरांना क्लासला सोडून आपण पार्किंगमध्ये बसतो ना, तेव्हा वाचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, म्हणजे तिकडच्या घरी, एक फोटो असणार. स्कूटर आणि तिला जोडलेली साइडकार. बाबा हँडल धरून, त्यांच्या पुढ्यात उभं एक पोर, मागच्या सीटवर एका बाजूला पाय करून बसलेली आई, साइडकारमध्ये आजी आणि आजीच्या मांडीवर अजून एक पोर. मागे वाड्याचं दार नाहीतर सोसायटीचं फाटक. इथे वाढलेल्या मुलांना हा फोटो दाखवला की दोन प्रश्न ठरलेले: हेल्मेट कुठे आहेत? आणि हे लीगल होतं का? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, की ही गाडी आली कुठून आणि गेली कुठे? त्याचं अर्धं उत्तर पुण्याजवळ आकुर्डीला आहे. उरलेलं अर्धं आपल्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, हायलंड पार्कमध्ये आहे.

आपल्या गावाचं नाव तसं मोटारींच्या इतिहासात आहेच. (नवीन आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिले दोन आठवडे त्याला 'नोव्ही' म्हणतो, हा भाग वेगळा.) लू वेल्च नावाच्या कारखानदाराची इथे इंजिनाचे गव्हर्नर बनवणारी कंपनी होती. त्याच्या 'नोव्हाय' इंजिनाच्या रेसिंग गाड्या १९४१ पासून इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरत. त्यांचा आवाज आणि वेग लोक अजून आठवतात, पण ती शर्यत त्यांनी एकदाही जिंकली नाही. मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेम हे संग्रहालयही आधी नोव्हायमध्येच होतं, आता ते फ्लोरिडात डेटोनाला आहे. पण मला आज शर्यतीच्या गाड्यांबद्दल लिहायचं नाही. साइडकार ही संसारी माणसाची गाडी. तिच्याबद्दल फारसं कोणी लिहून ठेवत नाही.

साइडकारचा जन्म इंग्लंडमधला. मोटारसायकल नवीन होती तेव्हा बरोबरच्या माणसाला बसवायचं कुठे, हा मोठाच प्रश्न होता. मागे चाकांवरची एक खुर्ची ओढत नेत, आणि तिच्यातला माणूस धूळ आणि धूर खात मुकाट बसे. मग खुर्ची पुढे जोडून पाहिली, तर धडकेचा पहिला मान पाहुण्याला. १९०३ च्या जानेवारीत एका इंग्रजी नियतकालिकात बाजूला खुर्ची जोडलेल्या मोटारसायकलचं व्यंगचित्र छापून आलं, आणि त्याच महिन्यात एनफील्डच्या डब्ल्यू. जे. ग्रॅहॅम यांनी तशाच जोडणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. चेष्टा म्हणून आलेली कल्पना दहा वर्षांत दोन्ही खंडांत रस्त्यावर फिरू लागली. कारण साधं होतं. मोटार परवडत नव्हती आणि माणसाला बायका-पोरं होती.

अमेरिकेतली माझी आवडती गोष्ट मात्र एका आई-मुलीची आहे. २ मे १९१५ रोजी एफी हॉचकिस ही तरुण मुलगी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनहून निघाली. वाहन होतं हार्ले-डेव्हिडसन, त्याच वर्षी आलेल्या तीन गिअरच्या नव्या गिअरबॉक्सची. साइडकारमध्ये तिची आई अ‍ॅव्हिस. जायचं होतं सॅन फ्रान्सिस्कोला, पनामा-पॅसिफिक प्रदर्शन बघायला. रस्ते म्हणजे बहुतेक ठिकाणी बैलगाडीची चाकोरी. पाऊस आला की चिखल, उन्हाळा आला की फुफाटा. न्यू मेक्सिकोच्या बाजूला त्यांच्याकडच्या ट्यूब संपल्या. पुढे दुकान नाही, मागे दुकान नाही. त्यांनी घोंगडी कापली, तिची गुंडाळी केली आणि टायरमध्ये ट्यूबच्या जागी भरली. गाडी पुढच्या गावापर्यंत गेली. ऑगस्टमध्ये त्या पॅसिफिकला पोचल्या, आणि ब्रुकलिनहून बरणीत आणलेलं अटलांटिकचं पाणी त्यांनी पॅसिफिकमध्ये ओतलं. काशीची गंगा रामेश्वराला वाहण्याची आपली रीत त्यांना कुठून ठाऊक असणार, पण माणसं कुठलीही असोत, लांबच्या प्रवासात असं काहीतरी सुचतंच. मग त्याच गाडीवरून परतही आल्या. एकूण सुमारे नऊ हजार मैल.

या मायलेकी चिखलातून गाडी काढत होत्या त्याच काळात इकडे हायलंड पार्कमध्ये साइडकारचं मरण शिजत होतं. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली ८५० डॉलरला बाजारात आली, म्हणजे सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेर. १९१३ च्या ऑक्टोबरात हायलंड पार्कला चालती असेंब्ली लाइन सुरू झाली. एक चॅसिस जोडायला आधी साडेबारा तास लागत, ते काही महिन्यांत दीड तासावर आले. किमती उतरत गेल्या आणि १९२० च्या दशकाच्या मध्यावर सर्वात स्वस्त मॉडेल टी २६० डॉलरला मिळू लागली. आता मला सांगा, मोटारसायकल आणि वर साइडकार असे दोन खर्च करण्यापेक्षा डोक्यावर छप्पर असलेली चारचाकी जवळपास तेवढ्यातच मिळत असेल, तर तुम्ही काय घ्याल? लोकांनी तेच घेतलं.

याचा एक जिवंत पुरावा शेजारच्या ओहायोत आहे. लाउडनव्हिल या लहान गावात ह्यूगो यंग याने १९१३ साली साइडकारचा धंदा काढला. त्याची जोडणी मोठी हुशार होती. वळणावर मोटारसायकल कलली की साइडकारचं चाकही तिच्याबरोबर कलायचं. 'फ्लेक्सिबल' हे कंपनीचं नाव त्यावरूनच, पुढे स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळून ते नोंदवलं. काही वर्षं धंदा जोरात चालला. मग फोर्डच्या किमती उतरल्या, गिऱ्हाईक आटलं आणि १९२४ पासून कंपनी बस बनवू लागली. अमेरिकेच्या कित्येक शहरांतून ज्या फ्लेक्सिबल बस धावल्या, त्या मुळात साइडकारवाल्याच्या.

इंग्लंडमध्ये हाच खेळ जरा उशिरा झाला. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतरही साइडकारवाली कुटुंबं भरपूर होती, १९५९ मध्ये मिनी आली आणि चित्र पालटलं. आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या किल्ल्या दिल्या गेल्या. मॉडेल टी, मिनी, मारुती. साइडकार प्रत्येक ठिकाणी 'म'ने मारली असं म्हणायचा मोह होतो! पण गंमत सोडा, मुद्दा खरा आहे. अमेरिकेत जे १९२० च्या दशकात घडलं ते आपल्याकडे साठ वर्षांनी घडलं. म्हणून इथल्या मुलांना जो फोटो पणजोबांच्या जमान्यातला वाटतो, तो खरं तर तुमच्या-माझ्या लहानपणचा आहे.

आता आकुर्डी. वर्ध्याच्या बजाजांच्या कंपनीने १९४८ पासून इटलीची व्हेस्पा भारतात आणायला सुरुवात केली आणि पुढे परवाना घेऊन ती इथेच बनवली. मुंबईत एपीआयची लँब्रेटा होती. पिआज्जोबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. सरकार ठरवील तेवढ्याच गाड्या बनवायच्या असा तो परवान्यांचा काळ. नाव नोंदवल्यावर नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची, काहींना तर दहा वर्षं थांबावं लागलं. एक वाट मात्र होती. परकीय चलनात पैसे भरले की नंबर लवकर लागे. अमेरिकेने १९६५ साली आपले स्थलांतराचे कायदे बदलले, त्यानंतर जी पहिली मराठी पिढी इकडे डॉक्टर-इंजिनिअर म्हणून आली, तिच्यातल्या कितीतरी जणांनी पाठवलेल्या डॉलरमधून तिकडे भावाची नाहीतर मेव्हण्याची स्कूटर आली. तेव्हा फोटोतली गाडी फक्त तिकडची आहे असंही समजू नका.

स्कूटर दोघांची, फार तर तिघांची. दुसरं मूल झालं, आईला गुडघ्याने त्रास द्यायला सुरुवात केली, की साइडकार आली. चेतकचं इंजिन जेमतेम १५० सीसीचं, दोन स्ट्रोकचं. ते एका माणसाला मंडईत नेण्यासाठी बनवलेलं, आणि आपण त्याच्यावर पाच माणसं घालून महाबळेश्वरला निघायचो. 'शोले'तल्या १९७५ च्या त्या गाण्यात साइडकार सुटून वेगळ्या रस्त्याने जाते आणि परत येऊन जुळते, त्यावर सगळे हसले. ज्यांच्या घरी साइडकार होती त्यांच्यातला एखादा तरी बाप थिएटरमधून बाहेर आल्यावर आधी बोल्ट तपासायला वाकला असेल.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे तयारी. पुण्याहून कोल्हापूरला किंवा वाईमार्गे पाचगणीला साइडकार घेऊन जायचं तर तयारी दोन आठवडे आधी सुरू व्हायची. आपल्याला आठवतं ते आईने केलेले तिखट-मिठाच्या पुऱ्यांचे डबे. बाबांचं काम अंगणात चाललेलं असायचं, तिकडे आपलं लक्ष नसायचं.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे काजळी धरते. सायलेन्सर चोंदला की गाडी ओढत नाही, आणि घाटात तर अजिबात नाही. म्हणून सायलेन्सर उतरवून आगीवर तापवायचा, आतला कार्बन जाळून ठोकून काढायचा. हेड खोलून पिस्टनच्या माथ्यावरची काजळी खरवडायची. प्लग पॉलिश पेपरने घासायचा, गॅप बघायचा आणि एक नवा प्लग डिकीत टाकायचा. सीबी पॉइंट घासायचे. कार्बोरेटरचा जेट काढून फुंकर मारायची. तोंडाला पेट्रोलची चव यायची ती इथे. गिअरचं ऑइल बदलायचं. क्लच प्लेट संशयास्पद वाटल्या तर आत्ताच बदलायच्या, कारण साइडकारच्या ओझ्याने आधी मरतो तो क्लच.

केबलचं प्रकरण वेगळंच. चेतकचे गिअर डाव्या मुठीत आणि मुठीपासून इंजिनापर्यंत केबल. क्लच केबलवर, ब्रेक केबलवर, अ‍ॅक्सिलरेटरही केबलवर. खंबाटकी घाटात क्लचची केबल तुटली तर करायचं काय? म्हणून शहाणा माणूस प्रत्येक केबलची एक जोड घेऊन निघे. काही जण तर नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवत, म्हणजे वाटेत फक्त टोकं बदलायची. विमानातल्या दुहेरी यंत्रणेबद्दल आपण मुलांना कौतुकाने सांगतो. ही अंगणातली दुहेरी यंत्रणा होती.

मग साइडकारची जोडणी. आपल्या नोव्हायमध्ये आणि आसपास गाड्यांच्या सस्पेन्शनवर, स्टिअरिंगवर काम करणारे मराठी इंजिनिअर किती आहेत ते मी सांगायला नको. तुम्ही टो आणि कॅम्बर रोज पडद्यावर बघता. साइडकारलाही तेच लागतं. साइडकारचं चाक स्कूटरच्या चाकांना अगदी समांतर ठेवून चालत नाही, पुढच्या बाजूला ते किंचित आत वळलेलं असावं लागतं. मोठ्या मोटारसायकलला साधारण अर्धा ते पाऊण इंच. आणि दुचाकी साइडकारपासून किंचित बाहेर झुकलेली हवी, म्हणजे माणसं बसल्यावर आणि रस्त्याच्या उतारावर ती सरळ येते. साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या रेषेच्या थोडं पुढे हवं. हे जमलं नाही तर हँडल सतत एका बाजूला ओढतं, शंभर किलोमीटरमध्ये हात भरून येतात आणि टायर महिन्यात गुळगुळीत होतो. गॅरेजमधला मेकॅनिक हे सगळं दोन सरळ फळ्या, एक दोरी आणि एक मोजपट्टी घेऊन बसवत असे. साइडकारमध्ये कोण बसणार हे तो आधी विचारायचा. आजी बसणार की सामान, यावर झुकाव ठरायचा.

आजी बसली तर उत्तम! रिकामी साइडकार ही खरी धोक्याची. आपल्याकडे ती डावीकडे असते. डावीकडे जोरात वळलं की रिकाम्या साइडकारचं चाक हवेत उचललं जातं, म्हणून एकट्याने जाताना तिच्यात वाळूचं पोतं टाकत. साइडकारवाली गाडी कलत नाही, तिला मोटारीसारखं हँडल वळवूनच न्यावं लागतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की ती डावीकडे ओढते, कारण बाजूचं ओझं मागे राहायला बघतं. ब्रेक मारला की उजवीकडे जाते, कारण साइडकारला ब्रेक नसतो आणि तिचं ओझं पुढे ढकलत असतं. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीकडे. पसरणी घाट उतरताना पाच माणसांना घेऊन हा हिशेब प्रत्येक वळणावर करायचा, तोही दोन स्ट्रोकच्या इंजिनावर, ज्याचा उताराला इंजिन-ब्रेक जवळपास नसल्यासारखाच. आपण साइडकारमध्ये झोपलेलो असायचो.

आणखी एक. चेतक सुरू झाली नाही की तिला एका अंगावर कलती करायची, पेट्रोल उतरतं आणि मग किक लागते, हा अखिल भारतीय इलाज. साइडकार जोडली की गाडी कलवताच येत नाही! त्यामुळे साइडकारवाल्याची गाडी पहिल्या किकला सुरू झालीच पाहिजे, आणि म्हणून वर सांगितलेली तयारी. डिकीत पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर, प्लगचा पाना, पंक्चरचं सामान, हवेचा पंप आणि ऑइलचा डबा. पाच लिटर पेट्रोलला शंभर मिलिलिटर ऑइल हे माप तोंडपाठ. चाकाची सोय मात्र चांगली होती. स्कूटरचं पुढचं-मागचं चाक सारखंच, साइडकारलाही बहुधा तेच दहा इंची बसवलेलं, त्यामुळे एक स्टेपनी तिन्हींना चालायची. एफी हॉचकिसला घोंगडी कापावी लागली ती वेळ आपल्यावर त्यामुळे कमी आली.

जगात याहून धाडसी लोक झाले. थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन बायका ११ डिसेंबर १९३४ ला लंडनहून पँथर मोटारसायकल, साइडकार आणि मागे ट्रेलर असा लवाजमा घेऊन निघाल्या, सहारा ओलांडला आणि २९ जुलै १९३५ ला केपटाऊनला पोचल्या. वाटेत वाळवंटातल्या अगाडेझला त्यांना इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधावं लागलं. वॉलॅकबाई शिकलेल्या इंजिनिअर होत्या आणि पुढे अमेरिकेतच स्थायिक झाल्या. झोल्तान सुल्कोव्स्की आणि ग्युला बार्ता हे दोन हंगेरियन १९२८ ते १९३६ अशी आठ वर्षं साइडकारवाल्या हार्लेवरून जगभर फिरले, हिंदुस्थानातूनही गेले. हे सगळे मोठेच. पण त्यांच्या साइडकारमध्ये आजी आणि तान्हं मूल नव्हतं, आणि सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं नव्हतं. माझ्या मते कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचं दर्शन घेऊन रविवारी रात्री परत येणारा पुण्याचा कारकून याच यादीत बसतो, फक्त त्याच्यावर पुस्तक निघालं नाही.

मारुती आली तरी साइडकार लगेच गेली नाही. मारुतीही आधी थोड्यांनाच परवडत होती. १९८९ मध्ये 'हमारा बजाज'ची जाहिरात टीव्हीवर आली तेव्हा स्कूटर जोरात होती. मग १९९१ नंतर कर्जं सोपी झाली, मोटारसायकली आल्या, रस्ते बदलले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्यावर दुचाकी-तीनचाकींना बंदीच, म्हणजे साइडकार तिथे कधी जाणारच नव्हती. २००६ मध्ये जुनी चेतक बंद झाली. २०२० मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर आली. तिला सायलेन्सर नाही, कार्बोरेटर नाही, सीबी पॉइंट नाही. उत्तम गाडी आहे म्हणतात. पण बाबांना येत होतं त्यातलं जवळपास काहीच तिला लागत नाही.

हे मी आत्ता का लिहितोय? कारण ज्यांनी हे हाताने केलं ती माणसं आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आपण त्यांना बीपीची गोळी घेतली का विचारतो, पुढे काय बोलावं ते दोघांनाही कळत नाही, मग मुलाला समोर उभं करतो आणि तो 'हाय आजोबा' म्हणून पळतो. एकदा त्यांना विचारून बघा, की पसरणी घाट कितव्या गिअरमध्ये चढायचात? सायलेन्सर कुठे जाळायचात? केबल कधी तुटली होती? मुलाला शेजारी बसवा. त्याला रोबोटिक्सचं वेड असेल तर तोच पुढचे प्रश्न विचारील, टो-इन त्याला तुमच्याआधी कळेल. मराठी बोलायचा कंटाळा करणारी पोरंसुद्धा 'पाना', 'पकड', 'स्टेपनी' हे शब्द आनंदाने उचलतात, हे मी पाहिलंय.

आणि तुमच्यापैकी कोणी खरोखरच तिकडची जुनी साइडकारवाली स्कूटर इकडे आणायच्या विचारात असाल (दोघांनी तरी मला विचारलंय), तर थोडं कामाचं सांगतो. २५ वर्षांहून जुन्या गाडीला इथले सुरक्षेचे फेडरल नियम आड येत नाहीत, आणि २१ वर्षांहून जुनी आणि मूळ स्थितीतली असेल तर प्रदूषणाच्या नियमांतूनही सवलत आहे. कागद मात्र चोख हवेत. घेताना रंगावर जाऊ नका. चेतकचं अंग म्हणजे पत्राच, वेगळी चौकट नाही. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून चकचकीत रंग मारलेला असेल तर साइडकारचा बोल्ट तिथे धरणार नाही. खालून बघा, लोहचुंबक लावून बघा. पुट्टीला तो चिकटत नाही.

मोठी अडचण बाजूची आहे. तिकडची साइडकार डावीकडे. इथे आपण रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतो, म्हणजे साइडकारमधलं माणूस थेट मधल्या पिवळ्या रेषेवर, समोरच्या ट्रकच्या शेजारी. शिवाय रस्ता कडेकडे उतरता असतो, आणि तिकडे बसवलेला झुकाव तिकडच्या उताराचा असतो. इथे सगळं उलटं ओढणार. साइडकार उजवीकडे हलवायची तर चौकटीचे जोड नवे करावे लागतात, आणि चेतकची किक उजवीकडेच असल्यामुळे पाय मारायला जागा सोडावी लागते. इटलीत उजवीकडेच लावायचे, त्यामुळे हे अशक्य नाही, पण ज्याला साइडकार कळते अशाच माणसाकडून करून घ्या. आणि आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुने रबरी भाग खातं. कार्बोरेटरचे वॉशर आणि पेट्रोलची नळी आधीच बदला, हिवाळ्यात टाकी आणि कार्बोरेटर रिकामे ठेवा. मिशिगनच्या मिठात तर ती बाहेर काढूच नका, चेतकचा पत्रा एक हिवाळा टिकणार नाही. लायसन्सवर मोटारसायकलची वेगळी नोंद लागते, आणि २१ वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, त्यामुळे मुलांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तरी मिळालं.

पंचाहत्तर नंबरच्या फ्रीवेवर दीडशे सीसी घेऊन जाऊ नका. लेक मिशिगनच्या कडेने जाणारा एम-२२ त्यासाठी चांगला, स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या डोंगरांजवळून जातो. आणि पार वर मॅकिनॉच्या पुलापर्यंत गेलातच, तर एक लक्षात ठेवा. त्या पुलाच्या आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, दहा इंची चाक तिच्यावर नाचतं. बाहेरच्या लेनने जा.

तोवर, तो फोटो शोधा. मोबाईलवर पाठवलेला नको, मूळ प्रतीचा नीट स्कॅन करून घ्या, मागे तारीख-गाव लिहिलेलं असेल तर तेही. नंबर प्लेट वाचता येते का बघा. 'एमएच-१२' सारखी असेल तर पाटी साधारण १९९० च्या आसपासची किंवा नंतरची, आणि 'एम'ने सुरू होणारी तीन इंग्रजी अक्षरं असतील तर गाडी त्याच्या आधीची. साइडकार कोणी बनवली होती, कितीला घेतली आणि शेवटी कोणाला विकली, हे बाबांना विचारून फोटोबरोबर इथे लिहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत निघतं ते असं: विकली नाही, मागच्या अंगणात पडून आहे.